अंक नसलेल्या दिवसाचं वाचन

२००४ साली, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावाजवळ, जुन्या कॉन्व्हेंटच्या जेवणघरात तिथल्या सर्वांत वयस्कर सिस्टरांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्या दिवशी वर्तमानपत्र निघालेलं नव्हतं. आदल्या दिवशी छापखान्याला सुट्टी होती. ज्या वर्तमानपत्राचं वाचन झालं, त्यातच मी रात्रपाळीचा उपसंपादक होतो. वाचन सुरू होतं तेव्हा शेजारच्या खोलीत माझ्यासमोर भात आणि मांदेलीचं कालवण होतं.

सिस्टरांना दिसत नव्हतं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्या संस्थेचा नियम असा, की ज्या सिस्टरकडे घरातलं एखादं काम आहे ती त्या घरात राहते. काहीच काम उरलं नाही, की तिला घाटावर, वृद्ध सिस्टरांच्या घरी पाठवतात. या सिस्टरांनी शाळेत शिकवणं सोडलं, मग शिवणवर्ग सोडला, मग बाग सोडली. दुपारच्या जेवणाच्या वेळचं वाचन तेवढं राहिलं होतं. त्यांचं बालपण समुद्राकाठी गेलं होतं आणि त्यांना घाटावर जायचं नव्हतं. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. म्हणाल्या, "तिथं वारा कोरडा आहे. मेल्यावर चालेल."

पहिली भेट आदल्या डिसेंबरातली. आमच्या ठाणे पुरवणीत जुन्या इमारतींवर एक सदर चालायचं. ते लिहिणारा सहकारी आजारी पडला आणि मी भाईंदरला राहतो म्हणून काम माझ्याकडे आलं. पहाटे ऑफिसच्या गाडीनं घरी यायचं, दुपारी दोनपर्यंत झोपायचं, चारला निघायचं, असा माझा दिवस होता. त्यातून सकाळ काढायची म्हणजे झोप सोडायची. स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस पकडली आणि मोरवा गाव मागे गेल्यावर डोळा लागला. कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा शेवटचा थांबा आला होता. तिथून मागे चालत आलो. वाटेत बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते.

इमारतीच्या तळमजल्याच्या भिंती पोर्तुगीज काळातल्या आहेत. दगड आणि चुना, जाडी हातभर. वरचा मजला आणि कौलं नंतरची. दारावर एक कोरीव शिळा आहे, पण खाऱ्या वाऱ्यानं अक्षरं गेली आहेत. बांधकामाचं साल तिघांना विचारलं, तिघांनी तीन सांगितली. आम्ही एकही छापलं नाही.

पाहुण्यांना आत फिरू देत नाहीत. दर्शनी बैठकीच्या खोलीत बसवतात आणि जेवणाची वेळ झाली तर तिथंच ताट आणून देतात. त्यामुळे मी जे पाहिलं ते दार उघडं राहिलं तेवढंच. प्रार्थनाघराबाहेर रबरी चपलांची रांग. विहिरीपलीकडे दोरीवर वाळत घातलेली पांढरी शिरोवस्त्रं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल धाग्याची वेगळी खूण. गावात पाणी कमी, म्हणून टँकर आला की हातातलं काम टाकून दोघी बादल्या घेऊन धावत. पहाटे पाचच्या आधी उठायचं, प्रार्थना, मग शाळा, दवाखाना, स्वयंपाक, कपडे, पुन्हा प्रार्थना. दवाखान्याच्या सिस्टर शिवणाच्या मशीनवर डोकं टेकून बसल्या होत्या. मला वाटलं प्रार्थना चालू आहे. त्या झोपल्या होत्या. स्वयंपाकाच्या सिस्टर उपड्या बादलीवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यांत राख गेली होती. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आपणही जागरण केलेले दिसते."

तिथं बहुतेक जणी असंच बोलत. घरात आठ सिस्टर होत्या. त्यांतल्या सहा जणी केरळच्या आणि मंगळूरकडच्या. जेवताना बोलायचं नाही आणि एकीनं उभं राहून वाचायचं, ही तिथली जुनी रीत. पूर्वीच्या एका मदरनी ठरवलं, की रात्री संतचरित्र वाचावं, पण दुपारी मराठी वर्तमानपत्र; बाहेरून आलेल्या सिस्टरांना गावच्या मुलांशी बोलायचं तर मराठी कानावर पडली पाहिजे. ते वाचन तेव्हापासून याच सिस्टरांकडे होतं. परिणामी सहाही जणी वर्तमानपत्राची मराठी बोलत. दवाखान्यातल्या सिस्टर तापलेल्या पोराच्या आईला सांगत, "याची प्रकृती स्थिर आहे. चिंतेचे कारण नाही." गावातल्या बायकांना आता त्याची सवय झाली होती.

त्याच भेटीत मी मागच्या दाराची पायरी पाहिली. सकाळचे दहा वाजले असतील. पायरीवर सिस्टर बसल्या होत्या. खाली, पाटी उतरवून, पालीची एक कोळीण विळीवर मासळी साफ करत होती. साधारण माझ्याच वयाची. सातवीपर्यंत ती याच सिस्टरांच्या हाताखाली शिकली होती. तिच्या गुडघ्यावर आमचा अंक उघडा होता. दिवाळीपर्यंत सिस्टर भिंगानं वाचत; तेही सुटल्यावर हे पायरीवरचं वाचन सुरू झालं होतं.

"आज बोंबील न्हाय सिस्टर, मांदेली हाय. तोंड वाकडं नका करू."

"तोंड कोण वाकडं करतंय? वाच. मंत्र्यांचं काय झालं?"

"मंत्री दिल्लीला गेलाय. दर आठवड्याला जातो, काय आनतो द्येव जानं."

"लिहिलंय तेवढंच वाच."

"लिवलंय तेवढंच वाचते. बाकीचं माझं हाय."

"पुढं?"

"पुढं पान पाचवर."

"मग पान पाच काढ."

"हात मासळीचे हायेत. पान पाचला वास लागंल."

"लागू दे. बातम्यांना तसाही असतो." मग माझ्या दिशेनं मान वळवून सिस्टरांनी विचारलं, "तुम्ही लिहिता का हे?"

मी म्हटलं, बातमी दुसरे लिहितात. मी कापतो आणि वर मथळा देतो.

"म्हंजे विळीवरचंच काम," कोळीण म्हणाली. "डोकं मात्र तुमी ठेवता, आमी टाकतो."

सिस्टर हसल्या. मग प्रत्येक बातमी त्यांनी एकदा ओठांतल्या ओठांत म्हटली. गावाचं नाव आधी, मग घटना, मग कोणी काय म्हटलं. चुकलं तिथं कोळणीनं दुरुस्त केलं. त्या दिवशी सहा बातम्या पाठ झाल्या. दुपारी एकला मी बैठकीच्या खोलीतून त्या सहाही ऐकल्या. जेवणघराचं दार अर्धं उघडं होतं. सिस्टर खिडकीशी उभ्या होत्या, अंक दोन्ही हातांत, चष्मा डोळ्यांवर. मध्येच त्या अंकाचं पान उलटत. पान योग्य ठिकाणी उलटलं जाई. ताटावरचे चमचे वाजेनासे झाले, की वाचन थांबवत.

याची माहिती घरात कोणाकोणाला आहे, हे मी विचारलं नाही. माझा विषय इमारत हा होता. लेख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लागला. फोटोच्या ओळीत चॅपलच्या जागी शाळा झाली होती. दुरुस्ती छापण्याआधी इमारतीचे काही तपशील पुन्हा बघून या, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं. रात्रपाळीच्या माणसाला पूर्ण रात्रीची झोप मिळून सकाळी जाग येते ती छापखान्याच्या सुट्टीनंतरच. म्हणून मी प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी गेलो.

मी पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. कोळीण येऊन गेली होती. कॉन्व्हेंटच्या प्रमुख, मदर, शाळेत होत्या. स्वयंपाकाच्या सिस्टरांनी मला बैठकीच्या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, "भोजन एक वाजता होईल. मांदेली उपलब्ध आहे."

एकला घंटा झाली. खुर्च्या सरकल्या, प्रार्थना झाली, भांडी वाजली. सिस्टर खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. हातात अंक होता. पहिल्या पानावरचा आठ कॉलमी मथळा मला बैठकीतून दिसत होता. तो मी दिला होता, परवा रात्री. म्हणजे अंक आदल्या दिवशीचा होता.

पहिली बातमी दिल्लीच्या संचलनाची होती. ती कोणालाही सांगता आली असती. दुसरी अशी: "पाली, ता. २६. येथील बंदरात आज पहाटे एका होडीचे जाळे दुसऱ्या होडीच्या पंख्यात अडकून फाटले. नुकसानभरपाईबाबत दोन्ही बाजूंची बोलणी सुरू असून, तोडगा निघालेला नाही." तिसरी टँकरची: चौकाच्या नळाजवळ टँकर आता सकाळऐवजी संध्याकाळी येणार, त्यामुळे महिलांमध्ये नाराजी. चौथी, पालीच्या एका मुलीला परिचारिकेची नोकरी लागून ती आखाती देशात जाणार. तिच्या आजीचा विरोध कायम. पाचवी हवामानाची. उत्तरेचा वारा, सुक्या मासळीला अनुकूल.

भाषा आमचीच होती. जिथं घटना नक्की नव्हती तिथं 'असे समजते' होतं. आजीच्या विरोधाला त्यांनी 'समजते' लावलं नाही. तो पक्का असावा.

मी हातातला घास खाली ठेवला होता. आतही चमचे थांबले होते, पण ते नेहमीच्या वेळेआधी. सिस्टरांनी ते ऐकलं असणार. त्या क्षणभर थांबल्या. मग कोणाचा तरी चमचा ताटावर वाजला, मग दुसऱ्या कोणाचा. थोड्या वेळात सगळेच वाजू लागले. सिस्टरांनी पान उलटलं आणि सहावी बातमी घेतली. सर्वांत तरुण सिस्टर दाराच्या बाजूला बसायची. मागच्या भेटीत वाचन चालू असताना तिची मान पडत होती. त्या दिवशी ती ताठ बसून ऐकत होती.

जेवणानंतर मदर बैठकीत आल्या. मदर केरळच्या, पन्नाशीच्या. सकाळी शाळेत तीन तास, दुपारी कचेरी, संध्याकाळी टँकर. खुर्चीत बसून त्यांनी आधी गुडघ्यांवर हात टेकवले. मग म्हणाल्या,

"आज आपला अंक प्रसिद्ध झाला?"

मी म्हटलं, "नाही. काल सुट्टी होती."

"सकाळी फाटक मी उघडते. अंक पडलेला नव्हता."

मी विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत आहे?"

"कशाबद्दल?"

"डोळ्यांबद्दल."

"डॉक्टरांकडे त्यांना मीच घेऊन जाते," मदर म्हणाल्या. "औषध घालते तीसुद्धा मीच. सर्वांना माहीत आहे. फक्त सर्वांना माहीत आहे हे सिस्टरांना माहीत नाही."

मग त्यांनी अडचण सांगितली. फेब्रुवारीत प्रॉव्हिन्शियल मदर येणार होत्या. त्या प्रांतातल्या सगळ्या घरांच्या प्रमुख. दरवर्षी येतात, दोन दिवस राहतात, सर्वांबरोबर जेवतात, कोणाकडे काय काम आहे ते विचारतात. बदल्या जूनमध्ये निघतात, पण ठरतात तेव्हाच. त्यांना मराठी चांगली येते. रोज सकाळी त्या वर्तमानपत्रही वाचतात.

"अंक आला असेल त्या दिवशी धोका नाही," मदर म्हणाल्या. "सिस्टर एक शब्द चुकत नाहीत. आजसारखा दिवस असेल तर वाचता येणार नाही. आपल्याकडे अशा सुट्ट्या किती आहेत?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्या पेन घेऊन उभ्या राहिल्या. मी सांगत गेलो. कालचा प्रजासत्ताक दिन, धुळवड, स्वातंत्र्यदिन, गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन. त्यांनी पहिल्या दोन फुल्या सुट्ट्यांच्याच तारखांवर मारल्या. मी सांगितलं, सुट्टी त्या दिवशी, अंक नसतो तो दुसऱ्या दिवशी. त्यांनी त्या फुल्या खोडून पुढच्या चौकोनांत मारल्या. वाकून मारताना त्यांनी एका हातानं भिंतीचा आधार घेतला होता.

"या दिवशी दुपारी संतचरित्र," त्या म्हणाल्या. "ते त्यांना चाळीस वर्षांपासून पाठ आहे."

"आजचं काय सांगणार त्यांना?"

"आज वाचन झाले," मदर म्हणाल्या. "ऐकणाऱ्यांची तक्रार नाही."

त्यांनी मला विचारलं, हे तुम्ही लिहिणार का. मी म्हटलं, फोटोओळीची दुरुस्ती तेवढी येईल. ती दोन दिवसांनी आली, पान चारवर, तळाशी.

मी निघालो तेव्हा सिस्टर व्हरांड्यात भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पावलांच्या आवाजाकडे मान वळवली.

"पेपरवाले ना? आजचा अंक चांगला होता हो. कधी नव्हे ते पालीचं एवढं छापलंत."

"हो," मी म्हटलं.

"त्या आजीची बातमी पहिल्या पानावर पाहिजे होती. तुम्ही लोक चुकीच्या ठिकाणी कापता."

बसथांब्यावर ती कोळीण रिकामी पाटी शेजारी ठेवून बसली होती. भाईंदरच्या बाजारात सामान आणायला निघाली होती. मी विचारलं, सकाळी सिस्टरांना काय वाचून दाखवलं?

"पेपर टाकनारा आला न्हाय," ती म्हणाली. "मेला झोपला आसंल. दिसला तर सांगनार हाय त्याला. मंग काय करू? कालचाच घेतला मांडीवर आनि वाचला."

"त्यात होडीची बातमी नव्हती."

"होडी माज्या दिराची हाय. बातमी न्हाय कशी?"

मी तिला सांगितलं, की अंक निघालाच नव्हता. वर्षातून काही दिवस असे असतात. तिनं ते दोनदा विचारून घेतलं. असं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या घरी पेपर येत नव्हता. ती तो फक्त त्या पायरीवर वाचायची.

"म्हंजे सगल्यांनला कललं?"

"मदरना कळलं."

ती थोडा वेळ पाटीच्या काठावरून बोट फिरवत बसली. "सिस्टर रिकाम्या हातानं उभी ऱ्हायली आस्ती तर तिला घाटावर न्हेली आस्ती. म्हनून वाचला." मग म्हणाली, "तिला नका सांगू."

मी सांगितलं नाही. बस आली. ती पुढच्या दारानं चढली, मी मागच्या. मोरव्याच्या अलीकडे मला झोप लागली आणि सातला मी ऑफिसात होतो.

प्रॉव्हिन्शियल मदर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या. त्या दोन्ही दिवशी अंक निघाला होता. नंतर मदरनी फोनवर जे सांगितलं ते असं: कोळीण दोन्ही दिवस पहाटेच आली, पाटीत मासळी नसताना. वाचन झालं. जेवणानंतर प्रॉव्हिन्शियल मदरनी विचारलं, सिस्टरांकडे काय काम आहे. मदर म्हणाल्या, दुपारचं वाचन. त्यांनी विचारलं, डोळे कसे आहेत. मदर म्हणाल्या, औषध चालू आहे. दोन्ही उत्तरं बरोबर होती. प्रॉव्हिन्शियल मदर सिस्टरांच्या हातातल्या अंकाकडे थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, अंकाला मासळीचा वास येतो. मग विश्रांतीला गेल्या.

जूनमध्ये बदल्या निघाल्या. मदरची बदली झाली. घाटावरच्या वृद्ध सिस्टरांच्या घराची व्यवस्था त्यांच्याकडे आली. जाण्याआधी त्यांनी फोन केला होता. आवाज दमलेला होता. सामान बांधून झालं, म्हणाल्या. एक पेटी आहे. सिस्टरांचं नाव बदल्यांत नव्हतं.

पुढच्या वर्षी, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, मी सकाळी नऊला उठून कॉन्व्हेंटला फोन लावला. नव्या मदरनी उचलला. त्या वसईकडच्या, मला ओळखत नव्हत्या. मी वर्तमानपत्राचं नाव सांगितलं आणि म्हटलं, आज अंक नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या कॅलेंडरवर फुल्या होत्या. यंदाच्या सुट्ट्या बघून त्या नव्यावर उतरवून घेतल्यात."

सिस्टर कशा आहेत, मी विचारलं.

"मागच्या पायरीवर बसल्यात. ती कोळीण आलीय. बोलावू का?"

मी म्हटलं, नको. फोनमध्ये लांबून दोघींचा आवाज येत होता. एकीनं काहीतरी सांगितलं. दुसरीनं विचारलं, "पुढं?"